ऐकणाऱ्यांना नमस्कार

काशिनाथ देवकुळ्यांना फोनवर एक सवय होती, आणि त्या सवयीने पहिल्याच दिवशी नीलांबरीला दचकवलं होतं. बायकोशी बोलून झालं की फोन ठेवण्याआधी ते जरा थांबत, घसा साफ करत आणि म्हणत, "बरं, ऐकणाऱ्यांनाही नमस्कार."

ऐकणारी नीलांबरी होती. न्यू लिन या उपनगरातल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून बसलेली असे. कैद्यांचे फोन रेकॉर्ड होतात आणि गरज पडल्यास ऐकले जातात, हे तुरुंगात फोनशेजारीच लिहिलेलं असतं. पण ते वाचून ऐकणाऱ्याची विचारपूस करणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. पहिल्यांदा तो नमस्कार कानावर पडला तेव्हा तिने चक्क मागे वळून पाहिलं आणि मग स्वतःवरच चिडली. माणूस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रेकॉर्डिंग तीन-चार दिवसांचं शिळं, आणि ही बघते मागे.

पुण्यात ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषधविभागात होती. इथे परदेशात येऊन परीक्षा पुन्हा दिली, पास झाली, आणि आता रजिस्ट्रेशनची वाट बघत एका फार्मसीत हाताखालची कामं करत होती. दुपारनंतर हे ऐकण्याचं काम. एका एजन्सीकडे तुरुंगांना दुभाषे पुरवण्याचं कंत्राट होतं, आणि कधी मराठी फोन आलेच तर ते ऐकून इंग्रजीत लिहून द्यायला त्यांना कोणीतरी हवं होतं. तिने सही केली होती. ऐकलेलं कोणाला सांगायचं नाही, कैद्याशी किंवा त्याच्या घरच्यांशी संबंध ठेवायचा नाही, नाहीतर कारवाई. रजिस्ट्रेशनवाले तर वागणुकीची बारीक चौकशी करतात. एक ठपका बसला असता तर पुण्यातली सगळी वर्षं पाण्यात, आणि व्हिसाचं काय झालं असतं ते देवाला माहीत. त्यामुळे नीलांबरी नवऱ्यापाशीदेखील या कामाबद्दल जपूनच बोले.

देवकुळे काही दरोडेखोर नव्हते. साताऱ्याकडचे, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, मुलाकडे हॅमिल्टनला पाहुणे म्हणून आलेले. एका सकाळी मुलाची गाडी घेऊन दूध आणायला डेअरीवर निघाले आणि चौकात थांबायचं राहिलं. एक मोटारसायकलवाला गेला. कोवळा पोरगा होता. हे सगळं पोलिसांना सांगायच्या आधीच घरच्यांची पाचावर धारण बसली. मुलाने, ऋतुराजने, तिकीट काढलं आणि बापाला विमानतळावर नेलं. तिथे ते पकडले गेले. पळून जाणारा माणूस म्हटल्यावर जामीन कसला मिळतोय? खटला उभा राहीपर्यंत आत. आणि पळायला मदत कोणी केली हे शोधायला त्यांचे फोन नीलांबरीच्या कानात.

त्या फोनवर शोधण्यासारखं काही नसे. म्हातारा शहाणा होता. मुलाचं नावसुद्धा तो घेत नसे. बायको वासंतीबाई विचारत, जेवलात का, थंडी वाजते का, कोणी काही बोलत तर नाही ना? आणि ते म्हणत, अगं सगळं उत्तम आहे, इथली माणसं फार चांगली, किती शिस्त बघ. हे बायकोसाठी होतं तितकंच ऐकणाऱ्यांसाठीही होतं. चांगलं बोललं की चांगलं वागवतील, असा त्यांचा हिशेब. नीलांबरी ते बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत टाइप करी. मात्र त्या 'उत्तम'च्या मागे आवाज कसा थरथरायचा ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

लेबर वीकेंडच्या आधीच्या शुक्रवारी तिने नवं रेकॉर्डिंग लावलं. आवाज जड होता, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा. वासंतीबाईंनी विचारलं, काय झालं?

"काही नाही, जरा तोंड आलंय. तिखट नसतं गं इथे काही, तरी झोंबतं."

"आणि सोमवारची गोळी घेतलीत ना? सांध्यांची?"

"घेतली की. इथे ती रोज देतात."

"रोज? आपले डॉक्टर तर म्हणाले होते आठवड्याला एकच."

"मी सांगणार होतो त्या नर्सबाईंना. त्यांनी लिहिलं तेव्हा मी बघितलं होतं. पण त्या फार गडबडीत होत्या. म्हटलं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. इथली औषधं सौम्य असतात, त्यामुळे रोज देत असतील."

"हो, तसंच असेल," वासंतीबाई म्हणाल्या. मग नातीचं बोलणं निघालं, मग दिवाळीचं, आणि शेवटी तो नमस्कार.

नीलांबरीने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. सांध्यांची गोळी, आठवड्यातून एकदाच, आणि आता तोंड आलेलं. फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या पोरानेही नाव ओळखलं असतं. मेथोट्रेक्झेट. आठवड्याला एक घेतली तर संधिवाताला आराम. रोज घेतली तर ती शरीरातलं रक्त तयार होणंच थांबवते. आधी तोंडात फोड येतात, मग हिरड्यांतून रक्त, मग ताप, आणि मग फार काही करता येत नाही. पुण्यात असताना तिने अशी एक बाई पाहिली होती. ती घरी परत गेली नव्हती.

आणि हे बोलणं होऊन चार दिवस उलटले होते. त्या चार दिवसांच्या चार गोळ्या आणखी पोटात गेल्या असणार.

ती उठून ट्रेसीकडे गेली. ट्रेसी एजन्सीची मॅनेजर, स्वभावाने मोकळी, सगळ्यांना 'हनी'चं 'हन' करून हाक मारणारी. तिने सगळं ऐकून घेतलं, चेहरा गंभीर केला, आणि म्हणाली की तब्येतीच्या गोष्टी आपल्या कामात येत नाहीत. धमक्या, ड्रग्ज, पळून जायचे बेत एवढंच आपण कळवायचं. तरी तू शेरा लिही, मी पुढे पाठवते. नीलांबरी म्हणाली, मग त्यांना निदान दुभाष्या तरी द्या, मला पाठवा, मी विचारते नीट. ट्रेसीने कॉम्प्युटरवर पाहिलं. तुरुंगात परभाषिक कैद्यांची सोय होते की नाही याची दर काही महिन्यांनी तपासणी होते, आणि तिचा तक्ता एजन्सीकडेच असतो. देवकुळ्यांच्या नावापुढे सगळं चोख होतं.

"त्याला दुभाष्या ऑफर केला होता, हन. दोनदा. तो म्हणाला, नो नो, थँक यू."

म्हणणारच! नीलांबरीला ओरडावंसं वाटलं. कोणाच्या घरी पहिल्यांदा चहा विचारला तरी आपण 'कशाला, राहू दे' म्हणतो. समोरच्याने पुन्हा म्हणावं, आग्रह करावा, मग कुठे आपण घेतो. त्यातून तुरुंग, त्यातून परका देश, आणि आपल्या हातून माणूस मेलेला. कुठल्या तोंडाने तो म्हणेल, की हो, माझ्यासाठी एक माणूस बोलवा? पण तक्त्यात आग्रहाला जागा नव्हती. देऊ केला, नाकारला, तपासणी पूर्ण. सरकारने त्यांचं मराठी ऐकायला माणूस ठेवला होता, त्यांच्याशी मराठीत बोलायला मात्र कोणी नव्हतं, आणि हे कोणालाही विचित्र वाटत नव्हतं.

शेरा कधी पोचेल? मंगळवारी, ट्रेसी म्हणाली. लाँग वीकेंड आहे ना, सोमवारी लेबर डेची सुट्टी.

घरी आल्यावर नीलांबरीला राहवलं नाही. नाव-गाव न घेता तिने नवऱ्याला, धैर्यशीलला सांगितलं. तो आयटीतला माणूस, प्रत्येक गोष्टीला पायऱ्या असतात असं मानणारा. तो म्हणाला, तू योग्य ठिकाणी कळवलंस, आता तुझी जबाबदारी संपली. तिने विचारलं, आणि मंगळवारपर्यंत काही झालं तर? तो म्हणाला, "तुझं रजिस्ट्रेशन डिसेंबरमध्ये होईल. एवढी वर्षं काढलीस. आता काही वेडेपणा करू नकोस, प्लीज." तो दुष्ट नव्हता. तोही घाबरला होता, आणि तिला ते कळत होतं. म्हणून तिला त्याचा रागही धड आला नाही.

शनिवारी दिवाळीची खरेदी. भारतीय दुकानांनी भरलेल्या सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळायची मारामार. मिठाईच्या दुकानाबाहेर रांग, किराण्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नीलांबरीने लेकीला, ऋग्वेदाला, बरोबर घेतलं होतं आणि भाजणीचं पीठ हातात घेऊन ती तारीख बघत होती, इतक्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"ज्येष्ठमध आहे का हो? अख्खा असला तरी चालेल."

हा आवाज ती कानात घेऊन जगत होती. हेल तोच, 'हो' ओढायची पद्धत तीच. तिने मान वळवली नाही. ऋग्वेदाचा दंड धरला आणि तिला घेऊन तांदळाच्या थप्पीमागे गेली.

"मम्, वाय आर वी हायडिंग?" ऋग्वेदाने विचारलं, तेही चांगल्या मोठ्या आवाजात.

"गप्प बस जरा."

पलीकडे वासंतीबाई दुकानदाराला सांगत होत्या, की ज्येष्ठमध मिस्टरांसाठी हवाय, तोंड आलंय, काल तर म्हणाले पाणीसुद्धा गिळवत नाही, आणि ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतंय. दुकानदार मुलगा गुजराती होता, त्याला अर्धं कळलं, पण त्याने आपुलकीने मान हलवली. कोणीतरी तरुण माणूस म्हणाला, "आई, ते आत घेत नाहीत गं बाहेरचं. किती वेळा सांगू?" आणि वासंतीबाई म्हणाल्या, "असू दे. घेऊन ठेवते."

हिरड्यांतून रक्त. तांदळाच्या पोत्याला हात टेकून नीलांबरी उभी होती. मंगळवार फार लांब होता. दार डाव्या हाताला होतं. पिठाचं पाकीट तिथेच ठेवून ऋग्वेदाला घेऊन बाहेर पडायचं, गाडीत बसायचं, घरी जाऊन चकल्या करायच्या. कोणाला कधी कळलं नसतं. ती दाराकडे वळलीसुद्धा. दोन पावलं गेली. आणि मग तिला त्या माणसाचं ते घसा साफ करणं आठवलं. रोज, न चुकता, ओळखदेख नसलेल्या माणसाची त्याने आठवण ठेवली होती, आणि ते माणूस इथे तांदळामागे लपलं होतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

ती पुढे गेली. वासंतीबाई तिने कल्पिल्या होत्या त्यापेक्षा लहानखुऱ्या निघाल्या, लेकाचं मोठं जॅकेट घातलेल्या, हातात ज्येष्ठमधाची पुडी.

"काकू, त्यांची सांध्यांची गोळी आजच्या आज थांबवायला हवी. ती सोमवारचीच गोळी आहे. रोज घेतली तर विष होतं. हिरड्यांतून रक्त त्यामुळेच येतंय."

वासंतीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या एक पाऊल मागे सरल्या आणि शेल्फला टेकल्या. सोमवारची गोळी हा शब्द त्यांच्या घरातला होता. तो या अनोळखी बाईच्या तोंडी कसा आला, हे त्यांना उमगेना. ऋतुराज मध्ये आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पोलिसांनी माग काढत माणूस पाठवला, असंच त्याला वाटलं असणार.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. देवळात कोणाकडून तरी ऐकलं, असं म्हणता आलं असतं. पण मग त्यांनी विश्वास कशाला ठेवला असता?

"मी ऐकते," नीलांबरी म्हणाली. "तुमचे फोन. माझं कामच आहे ते. आणि मी फार्मासिस्ट आहे."

त्यावर वासंतीबाईंनी जे केलं ते तिच्या कायम लक्षात राहिलं. त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, कपडे बदलताना कोणी दार उघडावं तशी. इतके दिवस नवऱ्याला सांगितलेलं सगळं, थंडी, रडू, एकटीने झोपणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मीच तर म्हटलं ना, तसंच असेल म्हणून. ऐकलं असेल तुम्ही. मीच म्हटलं."

बाकीचं बोलणं गाडीत झालं. ऋतुराजने तुरुंगाला फोन लावला, कुठून कुठून जोडत शेवटी दवाखान्यातल्या नर्सपर्यंत पोचला. नर्सबाई चांगल्या बोलल्या. सकाळीच त्यांना पाहिलं, म्हणाल्या, जेवण कमी आहे, पण विचारलं की हसून 'गुड, गुड' म्हणतात. दुभाष्या विचारला होता, त्यांना नको आहे. ऋतुराज म्हणाला, बाबा सगळ्याला गुडच म्हणतात, प्लीज त्यांची गोळी बघा. नर्स म्हणाली की डॉक्टरांनी चार्टवर लिहिलेलं औषध घरच्यांच्या फोनवरून बंद करता येत नाही, ती ड्यूटी डॉक्टरसाठी निरोप ठेवते. पुन्हा निरोप. पुन्हा मंगळवार.

नीलांबरीने हात पुढे केला आणि फोन घेतला. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, फार्मासिस्ट म्हणून काय शिकली ते सांगितलं, आणि रजिस्ट्रेशन अजून व्हायचं आहे हेही सांगितलं, कारण आता खोटं बोलून चालणार नव्हतं. मग म्हणाली, तुम्ही त्यांना काही विचारू नका. ते गुडच म्हणतील. फक्त टॉर्च घेऊन तोंड उघडायला लावा, आणि चार्टवर मेथोट्रेक्झेटपुढे काय लिहिलंय ते मला वाचून दाखवू नका, तुम्ही स्वतः वाचा.

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. मागच्या सीटवर ऋग्वेदाने तिच्या खांद्याला धरलं होतं. मग नर्स अगदी हळू म्हणाली, "ओह, नो," आणि फोन ठेवला.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांना हॉस्पिटलात हलवल्याचा फोन ऋतुराजला आला. नीलांबरीने ऋग्वेदाला धैर्यशीलकडे सोपवलं. तो दारात उभा राहून ऐकत होता. त्याने गाडीची किल्ली तिच्या हातात परत ठेवली. निघण्याआधी तिने ट्रेसीला मेसेज केला. काय केलं, कोणाशी बोलली, कुठे चालली आहे, सगळं. लपवाछपवी करायला तिच्यात आता ताकदच उरली नव्हती. ट्रेसीचं उत्तर आलं: मंगळवारी बोलू. 'हन' नव्हतं. गाडी चालवताना ते दोन अक्षरी संबोधन नसल्याची भीती तिच्या मानेवर बसून राहिली.

वॉर्डाबाहेर वासंतीबाई आणि ऋतुराज खुर्च्यांवर बसले होते. त्यांना आत सोडत नव्हते. कैद्याला भेटायला आधी परवानगी लागते, आणि परवानगी देणारं ऑफिस सुट्टीवर. आतून तरुण डॉक्टरीण बाहेर आली, हताश दिसत होती. टेलिफोनवरच्या दुभाष्यांकडे मराठी माणूस आज नाही, म्हणाली, हिंदी चालेल का विचारलं तर पेशंटने हसून मान डोलावली, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नालाही तशीच डोलावतोय. ताप आहे, रक्तातल्या पेशी जवळजवळ संपल्या आहेत, उतारा सुरू केलाय. पण किती दिवस झाले, आणखी कुठे रक्त गेलं, काहीच कळत नाही. वाचतील का, ऋतुराजने विचारलं. ती म्हणाली, आत्ता सांगता येत नाही.

नीलांबरीच्या पर्समध्ये एजन्सीचं कार्ड होतं. ते काढून तिने दाराशी बसलेल्या ऑफिसरला दाखवलं. हे कार्ड वापरायचा अधिकार तिला होता की नाही, देव जाणे. बहुधा सकाळपासून नव्हताच. ऑफिसरने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला आणि बाजूला झाला. बायकोला आत जाता आलं नाही. ऐकणारीला आलं.

पलंगावर एक वाळलेला माणूस पडला होता. ओठ काळे पडलेले, एका मनगटाला पट्टी, दुसऱ्या मनगटाला बेडी. दुसरा ऑफिसर पायाशी बसून होता. डॉक्टरणीने सांगितलं, ही तुमच्यासाठी दुभाषी आली आहे. काशिनाथरावांनी डोळे उघडले आणि ओठ दुखत असताना हसायचा प्रयत्न केला.

"कशाला त्रास घेतलात," ते मराठीत म्हणाले. फोनवरचाच आवाज, पण फार बारीक. "त्यांना सांगा, बरं आहे. उगाच धावपळ नको."

दुभाष्याने ऐकलं ते सांगायचं असतं. आपलं काही घालायचं नसतं, काही गाळायचं नसतं, आणि समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं असतं. तिला हे सगळं शिकवलं होतं. डॉक्टरीण पेन धरून वाट बघत होती. नीलांबरीने तिला हातानेच जरा थांबायला सांगितलं आणि पलंगाशी वाकली.

"काका, नमस्कार," ती म्हणाली. "तुम्ही रोज फोन ठेवताना करत होतात ना, तो मलाच मिळत होता. मला उलटून करता येत नव्हता."

ते तिच्याकडे पाहत राहिले. कितीतरी वेळ काही कळलं नसावं. मग त्यांच्या गालावरचे स्नायू सुटले, ते हसू गळून पडलं, आणि खालचा चेहरा दिसला. तो चेहरा नुसता घाबरलेला होता. शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोराचा असतो तसा.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"मग तुम्हाला माहितीच आहे, मी किती खोटं बोलतो ते." त्यांनी बेडीतला हात जरासा उचलला, साखळी वाजली, तेव्हा ऑफिसरकडे बघून पुन्हा खाली ठेवला. "आमच्या हिला सांगू नका. गोळीचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सौम्य-बिम्य काही नसते. सहा वर्षं घेतोय मी ती. नर्सबाई रोज सकाळी पेल्यात ठेवून द्यायच्या, आणि मला कळायचं की ही चूक आहे. पण म्हटलं, आपण माणूस मारलाय यांचा. आता आपण यांच्या चुका काढायच्या? मला फार भीती वाटायची हो. म्हणून गिळायचो."

डॉक्टरीण म्हणाली, "काय म्हणतायत?"

नीलांबरी सरळ उभी राहिली. तिने ते इंग्रजीत सांगितलं, शिकवल्याप्रमाणे, जसंच्या तसं. मला माहीत होतं, ती म्हणाली. मला पहिल्यापासून माहीत होतं, पण बोलायची भीती वाटत होती.

डॉक्टरणीने लिहायचं थांबवून वर पाहिलं, आधी काशिनाथरावांकडे, मग तिच्याकडे. मग तिने भिंतीशी असलेली खुर्ची ओढून नीलांबरीसाठी पलंगाजवळ ठेवली आणि म्हणाली, की आता आपण सुरुवातीपासून सगळं विचारू या.

नीलांबरी बसली. "काका," ती म्हणाली, "या विचारतायत, तुमच्यासाठी दुभाषी हवी का? पुन्हा विचारतायत. आणि मीही विचारते."

काशिनाथरावांचे ओठ सवयीने 'नको'साठी हलले. मग ते थांबले, घसा साफ करायला गेले, तो दुखला.

"हो," ते म्हणाले. "असू द्या."